सव्वाअंशांनी क्रेन उलटी फिरवली

आमच्या वसाहतीत छत्री म्हटलं की कुणाला पाऊस आठवत नसे. छत्री म्हणजे गॅलरीच्या कठड्याला नाहीतर गच्चीच्या भिंतीला चार बोल्टांवर बसवलेली पत्र्याची मोठी थाळी. आकाशातून आपल्या देशाचे चॅनेल पकडायचे आणि केबलमधून खाली टीव्हीत सोडायचे, हे तिचं काम. तीन मजल्यांच्या सहा इमारती आणि त्यांवर चाळीस-एक छत्र्या. आम्ही राहत होतो त्या देशाच्या टीव्हीवर काय चालतं, हे वसाहतीत कुणालाच माहीत नव्हतं. "त्यांना तरी आपलं कुठे माहीत आहे? फिट्टंफाट," असं खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणायच्या. वहिनी बेकरीत पहाटेच्या पाळीला होत्या आणि नऊला घरी येऊन आदल्या रात्रीच्या मालिका पुन्हा लागायच्या त्या बघायच्या.

या सगळ्या छत्र्या एकाच माणसाने बसवल्या होत्या. त्यांना अख्खी वसाहत 'सव्वाअंश' म्हणायची. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो आणि तोंडावर त्यांना काका म्हणायचो. पन्नाशीला टेकलेला, बुटका, हाडापेराने मजबूत माणूस. खिशात शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक. छत्री कुठल्याही घरची असो, चित्र येत नसलं की काका ती दोन्ही हातांत धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "फार नाही, सव्वा अंश उजवीकडे." सव्वा का, हे विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं. म्हणाले, "एक अंश कुणीही फिरवतो. वरचा पाव म्हणजे अनुभव."

छत्री बसवायची पद्धतही आपली, अस्सल गावाकडची. काका गच्चीवर, घरमालकीण टीव्हीसमोर आणि मध्ये खिडक्यांतून शेजारीपाजारी.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"आलं! आलं! गेलं!"

"गेलं म्हणजे किती गेलं?"

"पूर्णच गेलं की हो!"

पहिल्या वर्षी रस्त्यापलीकडच्या लोकांनी यावर दोनदा पोलिस बोलावले होते. हे भांडण नाही, बातम्या लावतोय, हे त्या पोलिसांना पटवायला बराच वेळ गेला म्हणतात.

तर हा झाला काकांचा सुटीचा उद्योग. रोजची नोकरी क्रेनवर. वसाहतीच्या समोरच्या मोकळ्या जागेत मोठ्या इमारतीचं काम चाललं होतं, तिथल्या उंच क्रेनचे ते चालक. सकाळी सातला एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढायची, वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालून वायरलेसवर जे सांगतील ते उचलून सांगतील तिथे ठेवायचं. "तुझ्या काकांच्या डोक्यावर साहेब कुणी नाही, सगळे पायाखाली," असं काकू म्हणायच्या. काकू इस्पितळाच्या धुलाईखात्यात होत्या. नवऱ्याचं कौतुक करताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की ऐकणाऱ्याला ती तक्रार वाटावी.

काकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. ती म्हणजे अक्का. काकांची थोरली बहीण. तिकडे गावात दोघा बहीणभावांचं दुकान होतं, जळलेल्या मोटरी दुरुस्त करायचं. मोटर उघडायची, आतली जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी तार फेरे मोजून भरायची. पाना कसा धरायचा हे काकांना अक्काने शिकवलं, बापाने नाही. दुकानाच्या पाटीवर दोघांची नावं होती, आधी भावाचं, खाली बहिणीचं. तेही अक्कानेच ठरवलेलं.

सहा वर्षांपूर्वी काका क्रेन चालवायचं शिकून इकडे यायला निघाले, तेव्हा अक्का दुकानातून उठलीसुद्धा नाही. मोटरीत तार भरता भरता म्हणाली, "जातोस तर जा. मग दुकानाकडे बघायचं नाही." त्यानंतर काका दर रविवारी दुकानात फोन लावायचे. फोन उचलायचा दुकानातला जुना मिस्त्री. तो दरवेळी एकच सांगायचा, "अक्का आहेत, पण हात तेलाचे आहेत." सहा वर्षं अक्काचे हात तेलाचे होते. काकू म्हणायच्या, "एवढ्या तेलात सगळ्या गावाच्या मोटरी चालल्या असत्या."

त्या वर्षी मिस्त्री एका रविवारी बोलता बोलता म्हणून गेला, "अक्कांनी पाटी रंगवून घेतली."

"काय लिहिलं?" काकांनी विचारलं.

"ते तुम्ही अक्कांनाच विचारा. मला इथे नोकरी करायचीय," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

काकांनी कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी आमच्या गच्चीवरच्या सगळ्या छत्र्यांचे बोल्ट विनाकारण आवळले. पाटीवर आता एकच नाव असणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. नवी पाटी कशासाठी करतात? मेलेला भागीदार नाहीतर पळालेला भागीदार, दोघांनाही एकाच ब्रशने पुसतात.

याच सुमारास वसाहतीचे टीव्ही बिघडले.

बिघाड विचित्र होता. चित्र छान चाललेलं असायचं, मध्येच त्याचे चौकोन चौकोन व्हायचे, आवाज गिळल्यासारखा व्हायचा आणि अर्ध्या मिनिटात सगळं पुन्हा पूर्वीसारखं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. वहिनींच्या मालिकेतली सासू तीन दिवस शेवटचा श्वास घेत होती आणि तिन्ही दिवस तो श्वास चौकोनांत गेला. वहिनी काकांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, तुमची छत्री आहे की चाळण?"

"मी बसवलेली छत्री हलत नाही."

"छत्री नाही हलत हो, माणसं हलतात. अर्धी इकडे, अर्धी तिकडे."

रविवारी काका गच्चीवर चढले. आम्ही सगळे खिडक्यांत. चित्र स्वच्छ, आरशासारखं. तासभर बघितलं, एकदाही गेलं नाही. काकांनी तरी केबलचं टोक बदललं, चहा घेतला, म्हणाले, "आता आयुष्यभर बघायला नको." सोमवारी सकाळी आठला चौकोन. पुढच्या रविवारी काकांनी छत्रीच्या तोंडावरचा डोळा, म्हणजे सिग्नल पकडायची डबी, बदलला. चित्र स्वच्छ. चहा. सोमवारी चौकोन. तिसऱ्या रविवारी अख्खी केबल नवी टाकली. सोमवारी सव्वानऊला वहिनींनी घड्याळ बघून टाळी वाजवली. "आले! काका नोकरीवर गेले की यांना ऊत येतो."

वहिनी चेष्टेत किती खरं बोलून गेल्या होत्या, हे त्यांना आजही माहीत नाही.

पुढचं काकांनी मला फार नंतर सांगितलं. त्या आठवड्यात एका दुपारी ते केबिनमध्ये डबा खात होते. क्रेनच्या आकड्याला लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा लटकलेला आणि खालून अजून निरोप नव्हता. सहज वसाहतीकडे नजर गेली. एरवी त्यांचं लक्ष आकड्याकडे, घराकडे बघायला सवड कुठे? आता बघितलं तर सहाही इमारतींवरच्या चाळीस छत्र्या एका दिशेला तोंड करून उभ्या. एका रांगेत, एका कोनात, कवायतीला उभी केल्यासारख्या. आधी त्यांना बरं वाटलं. म्हणाले, "असं काम वरूनच बघायला पाहिजे रे." आणि मग घास तोंडाशी थांबला. चाळीसच्या चाळीस छत्र्या सरळ त्यांच्याकडे बघत होत्या.

तिथून आपला उपग्रह आकाशात फार खाली यायचा, झाडाच्या शेंड्यावर टेकल्यासारखा. तो काही दिसत नाही, पण काका त्या बाजूला बोट करून "तो बघ" म्हणायचे आणि आम्ही मान डोलवायचो. इमारत वाढली तशी महिन्याभरापूर्वी क्रेनही उंच केली होती आणि आता छत्री आणि उपग्रह यांच्यामध्ये बरोबर क्रेनचा हात येत होता. आकड्याला काही लटकवून हात त्या रेषेतून गेला की वसाहतीत चौकोन. आणि रविवारी, सुटी म्हणून, क्रेनचा हात वाऱ्याने वळेल तसा मोकळा सोडलेला असायचा. वारा बहुतेक एकाच बाजूचा, त्यामुळे हात दूर तिसरीकडे. सहा दिवस बिघाड करणारा आणि सातव्या दिवशी तो दुरुस्त करून चहा पिणारा माणूस एकच होता.

काका डबा झाकून बसले. संध्याकाळी खाली उतरले ते वहिनींची खिडकी टाळून, मागच्या रस्त्याने घरी आले.

ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवली. सांगायची कशी? तीन रविवारचा चहा परत करता येत नाही. आणखी पंधरवडा असाच गेला असता, पण एका रविवारी मिस्त्री फोनवर ओरडतच बोलला, "टीव्हीवाले आले होते! अक्कांची मुलाखत घेतली. सगळं दुकान घेतलं, मोटरी घेतल्या, पाटी घेतली. येत्या बुधवारी सकाळी अकराला लागणार आहे, बायकांच्या कार्यक्रमात. एकदाच."

तिकडचे अकरा म्हणजे आमचे साडेनऊ. त्या काळी फोनमध्ये फोनच असायचा, त्यात काही साठवून ठेवता येत नसे. जे बघायचं ते लागेल तेव्हा बघायचं.

काकांनी बुधवारची सुटी मागितली. फोरमन आपल्याकडचा नव्हता. काकांचं आणि त्याचं बोलणं इथल्या भाषेत, निम्मं हाताने आणि निम्मं मानेने चालायचं. त्याने मान दोनदा हलवली, दोन्ही वेळा आडवी. बुधवारी सातव्या मजल्याचा स्लॅब होता. काँक्रीट ओतायला एकदा सुरुवात झाली की शेवटपर्यंत थांबता येत नाही. मध्ये थांबलं की आधीचं सुकतं आणि नवं त्याला धरत नाही. क्रेनवर दुसरा माणूस नव्हता.

त्या रात्री जेवताना काकांनी काकूंना सगळं सांगून टाकलं. मी तिथे होतो, कारण काकूंकडे जेवायला बोलावणं लागत नसे.

"म्हणजे वहिनींची सासू तुम्ही मारली?" काकू म्हणाल्या.

"मालिकेतली सासू मरत नसते. परत येते."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी दिवसभर बादली फिरणार. फाटकापाशी काँक्रीटची गाडी, तिथून उचलायची आणि स्लॅबवर रिकामी करायची. बरोबर आपल्या टीव्हीसमोरून. दर चार मिनिटांनी एक."

काकूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे अक्का सहा वर्षांनी तोंड दाखवणार आणि तुम्हीच त्यावर बादली धरणार."

काकांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तू घरी थांब. अक्काचं काय, ती आहे तशीच असेल. तू पाटी बघ. माझं नाव आहे की नाही, तेवढं. बाकी काही नाही बघितलंस तरी चालेल."

बुधवारी काकूंनी पहिली पाळी बदलून घेतली. माझी पाळी दुपारची, त्यामुळे मीही खाली गेलो. वहिनी बेकरीतून थेट आल्या. "आपल्या माणसाचं माणूस टीव्हीवर येणार" म्हणून मालिका सोडून आल्या होत्या, आणि हा त्याग त्यांनी दोनदा बोलून दाखवला. टीव्हीच्या बाजूलाच खिडकी होती. खिडकीतून क्रेन दिसायची.

नऊ वाजून पंचवीस मिनिटं. जाहिराती चालू. क्रेनचा हात फाटकावरून वर आला, खाली बादली, आणि सरळ आमच्या समोरून स्लॅबकडे गेला. जाहिरातीतल्या बाईचे चौकोन झाले. काकूंनी डोळे मिटले.

साडेनऊला कार्यक्रमाचं संगीत वाजलं. मी खिडकीकडे बघत होतो. बादली भरून वर आली. क्षणभर हात थांबला. मग तो उलटीकडे वळला. फाटकापासून स्लॅबपर्यंत पाव फेरा होता. क्रेनने तो सोडला आणि उरलेला पाऊण फेरा घ्यायला निघाली, मागच्या सामान ठेवायच्या मोकळ्या मैदानावरून, सगळी इमारत पाठीशी घालून. बादली रिकामी झाली आणि आली त्याच लांबच्या रस्त्याने परत गेली.

खाली काय चाललं होतं ते काकांनी नंतर हुबेहूब करून दाखवलं. वायरलेसवर फोरमन ओरडला, "उलटा का फिरतोयस?"

"वारा आहे."

"वारा? इथे पान हलत नाही!"

"खाली नसेल. वर आहे."

फोरमनने मान वर करून बघितलं. वरचा वारा खालून दिसत नाही आणि एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून खात्री करायची त्याची तयारी नव्हती. चार मिनिटांची फेरी सात मिनिटांची झाली. गाडीवाले हॉर्न वाजवायला लागले. स्लॅबवरची माणसं फावडी टेकून उभी राहिली. काका म्हणाले, "काँक्रीट सुकायला किती वेळ लागतो हे मला त्या फोरमनपेक्षा जास्त माहीत आहे. पंचवीस मिनिटं मी ताणू शकत होतो. सव्विसावं नाही."

टीव्हीवर अक्का आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. काकांचंच बुटकं अंग, केस पांढरे, कपाळावर काळा डाग, बहुतेक वंगणाचा. मुलाखत घेणाऱ्या बाईने गोड आवाजात विचारलं, "मोटर जळली की आम्ही बायका घाबरून जातो. तुम्हाला नाही भीती वाटत?"

"जळलेल्या मोटरला कसली भीती?" अक्का म्हणाली. "घाबरायचं तर चालत्या मोटरला घाबरा."

"अगं बाई, हुबेहूब काका!" वहिनी म्हणाल्या.

मग कॅमेरा दुकानात फिरला. तांब्याच्या तारांची गुंडाळी, उघडी मोटर, मिस्त्रीचा अर्धा खांदा. मग दार. मग दारावर वर जायला लागला. वहिनी काहीतरी सांगायला लागल्या, तेव्हा काकूंनी सरळ त्यांच्या तोंडावर हात ठेवला. खिडकीत क्रेन पार पलीकडे होती. चित्र स्वच्छ होतं, आरशासारखं.

संध्याकाळी काका खाली उतरले आणि फाटकापासूनच त्यांची मिरवणूक सुरू झाली.

"काका, आज अक्कांच्या कार्यक्रमात एकदाही गेलं नाही! शेवटी जमलं तुम्हाला!"

"सव्वा अंशाचा फरक होता," काका म्हणाले. चालत राहिले.

प्रत्येकाने त्यांना अक्का सांगितली आणि प्रत्येकाची अक्का वेगळी. एकाच्या मते ती फार कडक बोलली, एकाच्या मते फार थोडं बोलली. वहिनींच्या मते तिने निदान केस तरी विंचरायला हवे होते. पाटीचं कुणी काढलं नाही, कारण पाटी बघायची असते हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांनीही विचारलं नाही. घरी आले, बूट काढले, हात धुतले, टॉवेलला पुसले. परत धुतले.

काकू म्हणाल्या, "रंगवलीय."

काका टॉवेल धरून उभे.

"नवी कोरी रंगवलीय. दोन्ही नावं आहेत. आधी तुमचं, खाली अक्कांचं. त्या बाईने विचारलंसुद्धा, भाऊ तर परदेशी असतो, मग पाटीवर नाव कसं काय? तर अक्का म्हणाल्या, पेंटरला सांगितलं होतं तसंच कर. वेगळं सांगत बसायला वेळ कुणाला आहे."

"असं म्हणाली?"

"अस्संच. तोंड वाकडं करून."

काकांनी टॉवेल दोरीवर टाकला, तो खाली पडला, उचलून परत टाकला. मग विचारलं, "अक्षरं कुठल्या रंगाची?"

"पिवळी. हिरव्यावर पिवळी."

"पिवळा उन्हात उडतो. शंभरदा सांगितलंय तिला." आणि जेवायला बसले. तीनदा वाढून घेतलं.

गुरुवारी क्रेन पुन्हा जवळच्या रस्त्याने फिरायला लागली आणि वसाहतीत चौकोन परतले. वहिनी परत दारात आल्या. काकांनी त्यांना सांगितलं की समोरची इमारत अजून दोन मजले वर गेली की सगळ्याच छत्र्या हलवाव्या लागणार, तेव्हा आता हात लावण्यात अर्थ नाही. हे खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं, पण त्यातला खोटेपणा फार तर सव्वा अंश.

रविवारी काकांनी दुकानात फोन लावला. फोनचा आवाज मोठा करून ठेवायची त्यांची सवय, त्यामुळे मला आणि काकूंना सगळं ऐकू येत होतं.

"अक्का आहेत," मिस्त्री म्हणाला, "पण हात तेलाचे..."

"माहीत आहे. तिला एवढाच निरोप दे. पिवळा रंग उन्हात उडतो म्हणावं."

पलीकडे काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड. मिस्त्री कुणाशी तरी हळू बोलला. मग नुसती खरखर. काकांनी आमच्याकडे बघून खांदे उडवले आणि फोन ठेवायला हात खाली नेला, तेवढ्यात आतून आवाज आला.

"उडाला तर परत लावीन. तुझं नाव आहेच केवढं? अर्ध्या ब्रशात होतं."

काकांनी फोन पुन्हा कानाशी धरला. खुर्ची ओढून बसले. सहा वर्षांचं बोलायचं होतं.

"बोल लवकर," अक्का म्हणाली. "हात तेलाचे आहेत. फोन खराब होतोय."

मग अठ्ठावीस मिनिटं तो फोन खराब होत राहिला.